लाट काठाकडेच येते

बशीत चहा ओतला की भूगोलाचे सर आधी फुंकर मारायचे. आपण सगळेच मारतो म्हणा, पण आपण चहा गार व्हावा म्हणून मारतो. सरांना लाट काढायची असे. बशी डोळ्यांसमोर धरायची, एका अंगानं हलकेच फुंकायचं आणि समोर जो सापडेल त्याला विचारायचं, "बघा, लाट काठाला गेली. चहा गेला का?"

"नाही गेला," असं कुणी म्हटल्याशिवाय ते चहा पीत नसत. मी मराठीचा मास्तर. वयानं त्यांच्याहून थोडा मोठा, म्हणून सगळी स्टाफरूम मला नाना म्हणायची. माझी खुर्ची नेमकी त्यांच्या समोर, त्यामुळे हे उत्तर बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडे. एकदा वैतागून म्हणालो, "सर, चहा नाही गेला, पण मधली सुट्टी गेली." तर ते इतके हसले की बशी शर्टावर सांडली. "आता मात्र गेला," म्हणाले आणि शर्ट झटकत वर्गावर निघून गेले.

तुमच्याही शाळेत असा एखादा मास्तर असेल पाहा, ज्याला घंटा झाली तरी शिकवणं आवरता येत नाही. आमची शाळा धरणगावची. चहूकडे कपाशी, आणि पाणी म्हणजे विहीर, नाहीतर पाट. तिथल्या पोरांना समुद्राची लाट शिकवायची म्हणजे डोक्याला तापच. दुसरे मास्तर तो धडा वाचून दाखवून मोकळे व्हायचे. सर पोरांना मैदानावर काढायचे.

खांद्याला खांदा लावून रांग उभी करायची. पहिल्यानं खाली बसून उठायचं, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. बसण्याउठण्याची ती हालचाल रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत जायची, पोरं खिदळायची, आणि सर ओरडायचे, "कुणी जागा सोडली का?" पोरं गरजायची, "नाही सर!" "मग पुढं काय गेलं?" "लाट!" एकदा हेडमास्तर गोंगाट ऐकून तणतणत बाहेर आले. हे काय चाललंय, म्हणून त्यांनी विचारलं. सर शांतपणे म्हणाले, "समुद्र चालू आहे, सर."

लाट काठाकडेच का येते, हे सांगायला त्यांच्याकडे बैलगाडी होती. वारा वाटेल त्या दिशेनं वाहू दे, काठाजवळ आली की लाट वळतेच. कशी वळते? तर गाडीचं एक चाक गाऱ्यात रुतलं की ते मागं राहतं, दुसरं चाक पुढं धावतं आणि गाडी त्या अंगाला फिरते. लाटेचंही एक टोक आधी उथळ पाण्यात येतं, तिथं ते मंदावतं, दुसरं टोक खोल पाण्यात पुढं पळत राहतं, आणि लाटेचं तोंड काठाकडं होतं. ज्या पोरांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, त्यांना हे एका झटक्यात कळायचं. मलाही तेव्हाच कळलं, खोटं कशाला बोलू.

मी एकदा मुद्दाम खोडी काढली. "सर, एवढं समुद्र समुद्र करता, पाहिलाय का कधी?"

"नाही."

"मग?"

"सूर्य तरी मी कुठं जवळ जाऊन पाहिलाय, नाना? शिकवतोच ना?"

यावर काय बोलणार, कपाळ! माणूस मूळचा दोंडाईचाकडचा, शिकला धुळ्यात, नोकरीला लागला धरणगावात. पश्चिमेला नंदुरबारच्या पुढं पाऊल टाकलेलं नव्हतं.

समुद्राच्या सहलीचा विषय त्यांनीच काढला. एरवी आमच्या शाळेची सहल अजिंठ्याला जायची, आणि पोरांना लेण्यांपेक्षा तिथल्या माकडांची जास्त ओळख होती. त्या वर्षी सर हट्टालाच पेटले. पोरांना एकदा खरी लाट दाखवायची. काही घरांतून आधी नकार आला, पण पोरांनी आपापल्या आईबापाला कसंबसं पटवलं. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती ती, थंडीचे दिवस. मी, सर आणि खेळाचे मास्तर असे पोरांना घेऊन निघालो. कोकणातलं ते गाव कोणतं, ते मी सांगत नाही. त्या गावाचा काही दोष नव्हता.

सकाळी किनाऱ्यावर उतरलो. पोरं बोंब ठोकत धावली. सर मात्र चपला हातात घेऊन नुसते उभे. मी म्हणालो, "काय सर, पुस्तकातल्यासारखाच आहे ना?" ते माझ्याकडं न बघताच म्हणाले, "आवाज पुस्तकात नव्हता हो, नाना."

त्या पोरांत एक गोकुळ होता, नववीतला. धरणगावजवळच्याच एका खेड्यातला, कापूसवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. अभ्यासात बेताचा, पण विहिरीत उडी मारावी तर त्यानंच. काठावरून सूर मारायचा तो तळाची माती मुठीत घेऊनच वर यायचा. घरी कुणाचं ऐकायचा नाही म्हणे. सरांचा मात्र शब्द खाली पडू द्यायचा नाही. मैदानावरच्या रांगेत पहिला तोच असायचा.

पोरांना पाण्यात कुठं उतरवायचं, ते सरांनी नीट बघून ठरवलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं लोकांनी वाटेल ते बोलून घेतलं. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, पांढरा फेस उसळत होता, धडकी भरावी असा. मध्ये एक पट्टा तेवढा शांत होता. फेस नाही, आदळआपट नाही, पाणी जरासं गढूळ. सर म्हणाले, "फेसाकडं जायचं नाही. इथं बरंय, आपल्या विहिरीसारखं." मी म्हणालो, "हो, इथंच बरं." खेळाच्या मास्तरांनीही मान डोलावली. खानदेशातल्या कुठल्याही माणसाला तिथं उभं करा, तो तीच जागा दाखवील. आमचं पाणी विहिरीतलं. ते शांत असलं की आम्ही बिनघोर असतो.

"हात सोडू नका," सर म्हणाले, "आणि घाबरू नका रे! लाट काठाकडेच येते. पडलात तरी बाहेरच आणून टाकील."

गुडघाभर पाण्यात पोरं हात धरून उभी होती. गोकुळनं हात कधी सोडला ते कुणालाच कळलं नाही. पोहणाऱ्या पोराला गुडघाभर पाण्यात किती वेळ उभं करणार? त्यानं दोन हात मारले असतील, आणि बघतो तर तो लांब. आम्हाला आधी वाटलं, मस्ती करतोय. मग दिसलं की त्याचं तोंड आमच्याकडं आहे, तो आमच्याकडंच हात मारतोय आणि तरी लांब लांब चाललाय. हे काय आहे तेच कळेना. देवा रे, तसं दृश्य वैऱ्यानंही पाहू नये.

सरांना पोहता येत नव्हतं. ते तसेच आत घुसले. मी आणि खेळाच्या मास्तरांनी त्यांना मागून कमरेला धरलं. पाणी त्यांच्या छातीला लागलं होतं आणि ते ओरडत होते, "गोकुळ, सरळ ये! माझ्याकडं बघ! सरळ माझ्याकडं ये!"

पोरगं तसंच येत राहिलं. त्यांच्याकडं बघत, सरळ. मग एकदम दिसेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी कोळ्यांना तो बऱ्याच लांब सापडला. परतीचा प्रवास मी सांगणार नाही. चौकशी झाली, अपघात असा शेरा पडला, संस्थेनं शोकसभा घेतली. सगळं रीतसर झालं.

दिवसकार्य उरकल्यावर गोकुळचे वडील शाळेत आले. त्यांना गावात आबा म्हणायचे. डोक्यावरचे केस काढलेले, पायात चप्पल नाही. स्टाफरूमच्या दारात उभे राहिले तशी सगळ्यांची पाचावर धारण बसली. हे आता सरांना हाणणार, असंच वाटलं. हाणलं असतं तर बरं झालं असतं.

आबा हळू आवाजात बोलले. "सर, मी त्याले जाऊ देत नव्हतू. पानीना भरोसा नही, म्हनं. तं तो मालेच शिकाडाले लागना. म्हने, बाबा, लाट काठकडेच येस, सरनी सांगेल शे. म्हनीसन मी जाऊ दिधं." मग म्हणाले, "लाट जर काठकडे येस, मंग मना पोऱ्या मजार कसा गया? तेवढं माले सांगा."

मजार म्हणजे आत. पोरगं आत कसं गेलं, एवढंच त्या बापाला हवं होतं.  सर म्हणाले, "माहीत नाही, आबा."

"मालूम पडनं म्हंजे सांगा," एवढं बोलून आबा आल्या पावली गेले.

त्यानंतर सर खंगत गेले. कुणाशी बोलणं नाही, जेवणाकडं लक्ष नाही. लाटांचा धडा आला तेव्हा वर्गात म्हणाले, "हा धडा मला येत नाही. घरी वाचा." मी बाजूच्याच वर्गावर होतो, मला ते ऐकू आलं. हेडमास्तरांनी बोलावून समजावलं, मी समजावलं. ऐकेल तर शपथ!

मे महिन्याच्या सुट्टीत ते कुणालाही न सांगता त्याच किनाऱ्याला जायला निघाले. त्यांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, पिशवी भरताना पाहिलं आणि धावत आमच्या घरी आल्या. "नाना, ह्यांना आवरा हो. हे तिथं जाऊन काही करून घेतील." मी स्टँडवर गेलो, चारचौघांत त्यांना वाट्टेल ते बोललो. ते म्हणाले, "मरायला नाही जात, नाना. मरायचं असतं तर आपल्याकडं विहिरी थोड्या आहेत का?" आणि गाडीत चढले. वहिनींचे ते दिवस कसे गेले, ते त्यांनाच ठाऊक.

आले ते उन्हानं काळेठिक्कर होऊन. दुपारी माझ्या ओट्यावर येऊन बसले. पाणी दिलं, ते तसंच बाजूला ठेवलं.

"मी रोज नारळाची सोडणं पाण्यात टाकत होतो," ते म्हणाले. "फेसात टाकलेलं सोडण परत माझ्या पायाशी यायचं. शांत पट्ट्यात टाकलेलं सरळ आत जायचं. रोज तेच."

"म्हणजे?"

"भर समुद्रात पाणी जागेवरच हलतं, नाना, ते मी बरोबर शिकवलं. पण काठाजवळ लाट फुटते. फुटली की पाणी खरोखरच काठावर चढतं. मग ते परत कुठून जाणार? मागून लाटा येतच असतात. ते आडवं सरकत सरकत जिथं तळ खोल आहे तिथं गोळा होतं आणि तिथून जोरात परत आत जातं. खोल जागी लाट फुटत नाही. म्हणून ती जागा शांत दिसते." मग म्हणाले, "मी पोरांना तिथंच उतरवलं."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. त्यांनी हातानं थांबवलं.

"अजून ऐका. ती ओढ अरुंद असते. तिच्याशी झुंजत सरळ काठाकडं यायचं नसतं, माणूस दमून बुडतो. थोडं आडवं पोहलं की फेस लागतो, आणि फेस बाहेर आणतो. विहिरीत दिवसभर डुंबणारं पोरगं ते, त्याला आडवं पोहायला काय जड होतं? तो वाचला असता. मी त्याला सरळ ये म्हणालो."

ओट्यावर ऊन आलं होतं, पण मला उठवेना. मग मी स्पष्टच बोललो. "सर, हे मला सांगितलंत, इथंच संपवा. त्या बापाला सांगू नका. आज तो समजतोय, समुद्रानं नेलं. उद्या त्याला कळणार, पोरगं वाचलं असतं. रोज रात्री तो काय उराशी घेऊन झोपणार?" माझं आजही तेच मत आहे. काही गोष्टी सांगून कुणाचं भलं होत नाही. सांगणाऱ्याचंही नाही.

"त्यांनी विचारलंय, नाना," सर म्हणाले. "दुसरं काही मागितलंच नाही त्यांनी."

हट्टी माणूस, एकट्याला कसा सोडणार? दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत दोघे सायकलींनी आबांच्या खेड्यात गेलो. आबा अंगणात वखर दुरुस्त करत बसले होते. गोकुळची आई दारात धान्य पाखडत होती. आम्हाला खाट टाकली. मी बसलो, सर खाली जमिनीवर बसले.

वर्गात अहिराणी बोलणाऱ्या पोराला सर शुद्ध बोलेपर्यंत उभं ठेवायचे. त्या दिवशी ते सगळं अहिराणीतच बोलले. रांग नाही, बैलगाडी नाही, काही नाही. पाणी कसं परत जातं, शांत जागा का शांत असते, ते सांगितलं. मग म्हणाले, "आबा, त्यानी आडवं जावाले पाहिजे व्हतं. मी त्याले सरळ ये म्हनं. ती मनी चुकी शे."

सुपाचा आवाज थांबला. आबा वखराकडं बघत होते. त्यांनी विचारलं, "तो तुमनाकडेच येत व्हता?"

"हा."

"तुमले देखत व्हता?"

"शेवटलोंग."

"मनं एक बी ऐके नही तो," आबा म्हणाले. "तुमनं ऐकं."

गोकुळची आई आत जाऊन तोंडात पदर कोंबून रडत होती, ते बाहेर ऐकू येत होतं. आबा म्हणाले, "जा आते." आम्ही सायकली घेतल्या. 

जूनला शाळा उघडली तेव्हा सरांनी तो धडा पुन्हा शिकवायला घेतला. पूर्वीसारखी रांग उभी केली, बैलगाडी सांगितली, आणि पुढं एक नवी गोष्ट घातली. पाण्यानं ओढलं तर काय करायचं? "आडवं जायचं!" पोरं ओरडायची. ते सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा वदवून घ्यायचे. कुणी हसलं तर भयंकर चिडायचे. पूर्वी त्यांना चिडताना मी पाहिलं नव्हतं.

गोकुळ गेला त्या तारखेला दर वर्षी सर त्या खेड्यात जायचे. मी एकदा न राहवून विचारलं, "करता काय तिथं?"

"बसतो."

"आबा काय बोलतात?"

"काही नाही. तांब्याभर पाणी देतात."

"मग जाता कशाला स्वतःला छळायला?"

"त्यांनी येऊ नका म्हटलेलं नाही."

पुढं मी निवृत्त झालो. सरांनी नोकरी मुदतीआधीच सोडली आणि धुळ्याला मुलीकडं राहायला गेले. तरी त्या दिवशी पहिल्या गाडीनं यायचे, आबांच्या अंगणात बसायचे, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. माझ्याकडं डोकावायचे कधी, कधी नाही. शेवटच्या खेपेला आले तेव्हा चालताना धाप लागत होती. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी जमणार नाही हं तुम्हाला." तर म्हणाले, "बघू." पुढचं वर्ष यायच्या आतच छातीच्या दुखण्यानं गेले. नव्वद साल उलटून तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

धुळ्याला जाऊन वहिनींना भेटून आलो. मग मनात आलं, आबांना कोण सांगणार? त्यांच्याकडं हा निरोप पोचवणारं दुसरं कुणी नव्हतं. सायकल आता झेपत नव्हती, टेंपोनं गेलो.

आबा फार थकले होते. अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. बायको आधीच गेली होती. मला त्यांनी ओळखलं. मी बसलो आणि म्हणालो, "आबा, सर गेले."

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "काय व्हयनं?"

"छातीचं दुखणं."

"मी त्यासले माफ करं नही," आबा म्हणाले. "कधीच नही."

"त्यांना ठाऊक होतं ते."

आबांनी मान हलवली. ती शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, दुसरी घेतली, आणि ती न फोडताच खाली ठेवली. मग डोळे पुसत म्हणाले, "आते त्या दिवशी कोन येई?"

 मी म्हणालो, "मी येतो ना, आबा. मीही होतोच की तिथं."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. आवाजात राग नव्हता. लहान पोराला समजवावं तसं ते म्हणाले, "तुम्ही कसाले? तो तुमनाकडे थोडाच येत व्हता."